अंगठा वर, अंगठा खाली

एका बाईच्या पायाचा अंगठा वर गेला म्हणून मी भर दवाखान्यात टाळी वाजवली होती. ती टाळी वालूरच्या गयाबाईंनी मला त्यांच्या हयातीत विसरू दिली नाही. पुढं कितीतरी वर्षं, मी त्यांच्या गावात पाऊल ठेवलं की त्या शेजारणीला सांगायच्या, "हेच ते. सून आजारी निघाली म्हणून नाचले ते डॉक्टर." मी नाचलो नव्हतो. पण टाळी वाजवली होती, हे खरं.

निजामी अमलातल्या डॉक्टरकीबद्दल लिहायचं म्हटलं की लोकांना पटकी, प्लेग आणि शेवटची धामधूम हवी असते. पटकीत मी पुष्कळ धावलो, पण त्यातलं काही दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखं नाही. म्हणून मी एका अशा आजाराबद्दल सांगतो, जो आमच्या परभणी जिल्ह्यात असूच नये असं माझ्या पुस्तकात छापलं होतं.

मी सेलूच्या सरकारी दवाखान्यात होतो. आमचं शिक्षण हैदराबादेत उर्दूतून झालेलं. त्यामुळे मज्जातंतूला मी मनातल्या मनात आजही 'असब' म्हणतो, आणि मराठी वैद्यकाचं पुस्तक वाचायला घेतलं तर मलाच कोश लागतो. दवाखान्यात येणारे आजार ठरलेले असत. हिवताप, नारू, खरूज, विंचू, बैलानं मारलेलं शिंग. मज्जासंस्थेचे आजार म्हणजे लाखेची डाळ खाऊन ताठलेले पाय किंवा अर्धांगवायू, बस. बाकी पुस्तकातला तो भाग परीक्षेपुरता पाठ करायचा आणि विसरायचा. मला मात्र तो भाग फार आवडायचा. का, ते सांगता येणार नाही. कुणाला नाणी जमवायचा नाद असतो, तसा मला अंगातल्या तारांचा नाद होता. मी गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी हैदराबादेहून विकत आणली होती आणि ती करीमभाई, म्हणजे माझे कंपाउंडर, भिंतीत खुंटी ठोकायला वापरत.

ऐन उन्हाळ्यात एके दिवशी गयाबाई सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आल्या. बरोबर मुलगा मारोती. घर खाऊनपिऊन सुखी, जमीन काळी, कापूस उत्तम. गयाबाईंनी आल्या आल्या येण्याचं कारण सांगितलं. सून सोंग करते, हे सरकारी माणसाच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

सोंग असं की सुभद्रा, वय पंचविशीच्या आत, चुलीपुढं बसली की आंधळी व्हायची. भाकरी तव्याऐवजी राखेत टाकायची. तीच सुभद्रा पाणी आणायला बारवेवर गेली की तिला लांबच्या बांधावरची म्हैस कुणाची ते दिसायचं. "चुलीपुढं आंधळी अन् बारवंवर डोळस," गयाबाई म्हणाल्या. "असलं आंधळेपण आमालाबी चाललं असतं." त्याच्या आदल्या वर्षी तिचा डावा डोळा दुखून अंधूक झाला होता आणि महिना-दीड महिन्यात आपोआप सुधारला होता, तेही त्यांच्या मते सोंगच.

गावानं यावर दोन मतं दिली होती. सोंग असेल तर सुनेला माहेरी पाठवावं आणि मारोतीचं दुसरं लग्न लावावं. सोंग नसेल तर वारं शिरलंय, तेव्हा चारठाण्याकडच्या संतोबाला बोलवून मानेवर आणि तळपायांवर तापल्या लोखंडाचे डाग द्यावेत. संतोबाला सांगावा गेलाही होता. म्हणजे मी सोंग म्हटलं तर तिचा संसार जाणार, आणि नाही म्हटलं तर डाग. मारोती हे सगळं खाली मान घालून ऐकत होता. दवाखान्यात यायचा हट्ट त्याचाच होता, एवढं मला नंतर कळलं.

सुभद्राला मी बोलतं केलं. आधी ती सासूकडे बघून बोलायची, मग हळूहळू माझ्याकडे. तिनं सांगितलं की पायातली चप्पल कधी निसटते ते तिला कळत नाही, घरी पोचल्यावर एकच पायात दिसते. फुंकणीनं चूल फुंकायला मान वाकवली की मानेपासून कंबरेपर्यंत मुंग्यांची रांग सरकन पळते, वीज पडल्यासारखी. हे ती कुणाला बोलली नव्हती. का, विचारलं तर म्हणाली, "डोळ्याचंच कुणी खरं मानंना, मग मुंग्यांचं कोण मानणार?"

मान वाकवली की वीज. उष्णतेनं नजर जाते, गारव्यानं येते. एक डोळा जाऊन परत आलेला. पुस्तकाचं ते पान मला जसंच्या तसं दिसू लागलं, अगदी खाली पडलेल्या शाईच्या डागासकट. लाखेच्या डाळीनं पाय जातात, डोळे जात नाहीत. महारोगात चामडी बधिर होते, पण मानेतून वीज पळत नाही. मी आरसा आणि दिवा घेऊन तिच्या डोळ्याच्या तळाशी पाहिलं. डोळ्यातून निघणाऱ्या तंतूचं तोंड गुलाबी असावं लागतं. उजव्या डोळ्यात होतं तसं. डाव्यात ते एका बाजूनं पांढुरकं पडलेलं.

आता राहिला तळपाय. ही परीक्षा सोपी आहे. टाचेपासून बोटांकडे, तळव्याच्या बाहेरच्या कडेनं, बोथट वस्तूनं रेघ ओढायची. चांगल्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून पायाकडे येणारी मोठी तार बिघडली असेल तर अंगठा वर जातो, सावकाश, एखाद्यानं मान उचलून बघावं तसा. मी औषधांच्या कपाटाची लोखंडी किल्ली घेतली. परक्या बाईच्या पायाला हात लावायचा म्हणून गयाबाईंनी तिचा घोटा स्वतः धरला. मी रेघ ओढली.

अंगठा वर गेला.

शिकत असताना हा अंगठा मी दोनदा-तीनदा पाहिला असेल, तोही दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. इथं तो माझा होता, सेलूत, माझ्या किल्लीनं उठलेला. मी टाळी वाजवली आणि करीमभाईंना हाक मारली. मी दुसरा पाय घेतला. तोही वर. मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. करीमभाई हातातली बाटली तशीच घेऊन धावत आले आणि आदरानं अंगठ्याकडे बघत राहिले. गयाबाईंना वाटलं, डॉक्टरलाच वारं लागलं.

मी कसंबसं स्वतःला आवरून सांगितलं की हे सोंग नाही. आजार खरा आहे. गयाबाई ऐकायला तयार नव्हत्या. पायाचा अंगठा हलवणं ते काय, कुणीही हलवेल. म्हणून मी म्हटलं, "डोळ्याचं सोंग करता येतं, अंगठ्याचं येत नाही. तुम्ही करून दाखवा."

त्या बाकावर बसल्या, पाय पुढं केला आणि दात आवळून अंगठा वर धरला. मी रेघ ओढली. अंगठा खाली गेला आणि गयाबाई खुदकन हसल्या. त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. लगेच तोंडाला पदर लावला. पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्यांनी पाय झटकला तो करीमभाईंच्या हातातल्या बाटलीला लागला आणि सगळं खोकल्याचं औषध जमिनीवर. सासूला हसताना सुभद्रा पहिल्यांदाच बघत असावी. ती आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. करीमभाई म्हणाले, "साब, मेरा भी देखो ना," आणि पायजमा वर करून बसले. बाहेर हिवतापाचे रोगी ताटकळत होते. तेही दारात जमले आणि चपला काढून उभे राहिले.

हसू ओसरल्यावर मारोतीनं विचारलं, नेमकं झालंय काय. मी त्याला विचारलं, जिनिंगच्या मालकाच्या बंगल्यात विजेचा दिवा बघितलास का. कापूस विकायला आला तेव्हा त्यानं बघितला होता. त्या दिव्याच्या तारेवर सुताचं वेष्टन असतं. आपल्या अंगातल्या तारांवरही तसं एक पांढरं, चरबीचं वेष्टन असतं. तुझ्या बायकोच्या तारा शाबूत आहेत, पण वेष्टन जागोजाग उडालंय. त्यामुळे निरोप कधी पोचतो, कधी अडकतो. त्यात अंग तापलं की अडकतोच. थंड झालं की पुन्हा वाट मिळते. काही वेळा वेष्टन थोडंफार भरूनही येतं, म्हणून गेल्या वर्षी डोळा सुधारला.

मारोतीला ते चटकन पटलं. त्यानं आईला समजावलं, "आई, वायरीचं सूत उंदरानं खाल्लंय, असं समज."

गयाबाईंनी विचार केला. "मग उंदीर कुठं हाय?"

हा प्रश्न त्या काळी जगातल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरला विचारला असता तरी उत्तर मिळालं नसतं. मीही तसंच सांगितलं, माहीत नाही. पुस्तकात लिहिलं होतं की हा थंड मुलखातला आजार आहे. बाहेर लू वाहत होती आणि दवाखान्याचा पत्रा तडतडत होता.

औषध काय, तर तेही नव्हतं. काय करायचं ते मात्र मी सांगितलं. चुलीपासून लांब. आंघोळ गार पाण्याची. शेतातलं काम पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. एखाद दिवशी पाय किंवा डोळा नव्यानं बिघडला तर पडून राहायचं, घाबरायचं नाही. बरं वाटलं की चालायचं, रोज. आणि डाग कदापि द्यायचा नाही. एवढं ऐकून तिघं तशीच बसून राहिली. बाटली हातात पडल्याशिवाय उठणार कोण? तेव्हा करीमभाईंनी लोहाचं एक लाल औषध भरून दिलं. त्यानं अपाय नव्हता.

काही दिवसांनी मी देवी टोचायच्या दौऱ्यावर वालूरला गेलो. संतोबा येणार होता तो दिवस मी मुद्दाम धरला होता. वाटेवर सगळं भाषण तयार केलं होतं. गावात शिरलो तर मारोतीच्या ओसरीवर, अंगणात, भिंतीच्या सावलीला, जिथं जागा मिळेल तिथं माणसं पाय पसरून बसलेली. मधे गयाबाई, हातात कोठीची लांबलचक किल्ली. त्या एकेकाच्या तळपायावर रेघ ओढत होत्या आणि निकाल देत होत्या, खाली, खाली, ह्याचाबी खाली. मुलाणी, पाटील, सोनार, सगळे रांगेत. पाटलांना इतक्या गुदगुल्या झाल्या की दोघांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला हंबरडा फुटला. एका लेकुरवाळीनं आपल्या तान्ह्या मुलाचा पाय पुढं केला होता आणि गयाबाईंनी रेघ ओढताच त्याचा इवलासा अंगठा वर गेला होता. दुसरं तान्हं आणलं, त्याचाही वर. गावातली सगळी तान्ही एकापाठोपाठ एक आणली जाऊ लागली आणि सगळ्यांचे अंगठे वर जाऊ लागले. बायकांनी गळे काढले. मी गर्दीतून पुढं पोचलो तेव्हा गयाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

मी ओट्यावर चढून मोठ्यानं सांगितलं की तान्ह्या मुलांचा अंगठा वरच जातो. जन्मताना तारांवर वेष्टन पुरतं चढलेलं नसतं. ते हळूहळू चढतं, मूल चालू-बोलू लागतं आणि अंगठा खाली वळतो. सगळ्यांचे असेच होते. पाटलांचाही. हे कळल्यावर गावाचा जीव असा भांड्यात पडला की काही विचारू नका. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या, तान्ही रडायला लागली. मी तिथंच बसून त्यांना देवी टोचल्या. एरवी देवी टोचणारा आला की वालूरच्या बायका मुलं कणगीत लपवत. त्या दिवशी एकही मूल सुटलं नाही.

या सगळ्यात संतोबा येऊन बसला होता. म्हातारा, सडपातळ, खांद्यावर घोंगडी, घोंगडीत सळ्या. त्यानं शांतपणे गोवऱ्या मागितल्या. मला वाटलं होतं गयाबाई आता माझ्या बाजूच्या आहेत. पण गोवऱ्या पेटल्या तशा त्या डळमळल्या. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांकडं तर औषधच न्हाई, त्यांनीच सांगितलंय. ते खरं होतं. संतोबाकडे निदान काहीतरी होतं. मी तयार केलेलं भाषण सुरू केलं, पण ते कुणी ऐकत नव्हतं, सगळे सळीकडे बघत होते. मारोती उठून बायकोच्या पुढं उभा राहिला.

सुभद्राच बोलली. ती सासूशी नाही, माझ्याशी नाही, थेट संतोबाशी बोलली.

"बाबा, मी डागाला भीत न्हाई. पर आगीजवळ गेलं की मला दिसंना होतं. आत्ताबी तुमचं तोंड पुसल्यागत दिसायलंय. अन् तुमी आगच लावायला निघालात."

संतोबानं तिला उठून बारवेच्या पायऱ्यांवर बसायला सांगितलं, गारव्याला, आणि स्वतः तिच्याजवळ जाऊन बसला. थोड्या वेळानं विचारलं, आता दिसतंय का. तिनं त्याच्या दाढीत एकच काळा केस राहिलाय, असं सांगितलं. संतोबानं दाढी चाचपली. मग त्यानं मला तिच्या तळव्यांवर रेघ ओढायला लावली आणि दोन्ही अंगठे, दोनदा, नीट निरखून बघितले. परत आला आणि गोवऱ्यांवर पाण्याची घागर ओतली.

"मी थंडीनं आखडलेल्याला डाग देतो," तो म्हणाला. "हिला ऊबच सोसंना. हिला डाग दिला तर माझ्या हातचं पाप हाय."

सुटका झाल्यावर माणसाला जे हसू येतं ते त्या अंगणाला आलं. संतोबाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. पण चुलीपुढं बसणार कोण? सून बसणार नाही, आणि गयाबाई तिच्याजवळून हलायला तयार नव्हत्या. तेव्हा मारोती बसला. सगळ्या गावासमोर पटक्याचं टोक खोचून त्यानं भाकरी थापली. पहिली भाकरी तव्यावर जाताना दुमडली, दुसरीला मधे भोक पडलं, तिसरी बाहेरून करपली आणि आतून ओली. संतोबानं पहिला घास तोंडात घातला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं सावकाश चावलं, गिळलं, आणि म्हणाला, "आज डाग भाकरीलाच मिळालाय."

गयाबाई हसता हसता भिंतीला टेकल्या.

पुढं त्या घराची घडीच बदलली. चूल गयाबाईंकडे आणि सणासुदीला मारोतीकडे. सुभद्रा पहाटे मोटेवर, मग गोठ्यात, ऊन चढलं की माजघरात ओलं लुगडं पांघरून निवड-टिपण. मारोतीला लोकांनी पुष्कळ चिडवलं. त्यानं मनावर घेतलं नाही. पुढं त्याच्या भाकऱ्या इतक्या पातळ आणि गोल होऊ लागल्या की गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना बघायला पाठवू लागल्या. त्यावरून दोन-तीन घरांत भांडणंही झाली.

आजार गेला नाही. तो जाणारा नव्हताच. अधूनमधून यायचा, काही घेऊन जायचा, त्यातलं थोडं परत करायचा. तिला दिवस गेले तेव्हा मला काळजी वाटली होती. नऊ महिने छान गेले, मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर उजवा पाय गेला. तेव्हा बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची नाही यावरून गयाबाई साऱ्या भावकीशी एकट्या भांडल्या. पाय निम्मा आला. त्यानंतर तिच्या हातात काठी आली. माझ्याकडे द्यायला तेच लाल औषध होतं. आज या आजाराला आवर घालणाऱ्या सुया निघाल्यात असं वाचतो, तेव्हा मला आनंद होतो आणि मग थोडा वेळ काही वाचवत नाही.

अठ्ठेचाळीस सालचा गोंधळ शमला आणि माझा तबादला, म्हणजे बदली, झाली. निघण्याआधी सगळ्या दवाखान्यांचा मुलाहिजा, म्हणजे तपासणी, वरिष्ठांच्या भेटी, निरोपाचे हारतुरे, असे चार दिवस काळी शेरवानी अंगावरून उतरली नाही. त्यातल्या शेवटच्या दिवशी मी वालूरला गेलो. घरी गयाबाई नव्हत्या, सुभद्राही नव्हती. मारोती पीठ मळत होता. त्यानं पिठाच्या हातानं बारवेकडे बोट दाखवलं.

बारव गोल आहे, पायऱ्या फिरत फिरत खोल पाण्यापर्यंत जातात. मी काठाजवळ पोचलो तर आतून बायकांच्या हसण्याचा कल्लोळ वर येत होता. एक ओझरती नजर आत गेली आणि मी लगेच पाठ फिरवून उभा राहिलो. गयाबाई वरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात दोराचं टोक होतं आणि दुसरं टोक सुभद्राच्या कंबरेला. पोटाखाली वाळलेले भोपळे बांधून ती पोहत होती. जमिनीवर तिला चार पावलं टाकायला काठी लागायची. त्या गार पाण्यात दोन्ही पाय चालतात, असं गयाबाईंनी मला हळूच सांगितलं, आणि रोज दुपारी त्या तिला घेऊन येतात हेही. मुलगी पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती.

मी तसाच पाठमोरा राहून मोठ्यानं सांगितलं की माझा तबादला झालाय, निरोप घ्यायला आलोय. मला वाटलं ती आता काही जड बोलणार, आणि मीही तसंच काही उत्तर मनात जुळवू लागलो.

"डॉक्टरसाहेब," खालून आवाज आला, "शेरवानीची शिवण उसवलीय. मानेपासून खाली, टीचभर. आतला पांढरा सदरा दिसायलाय."

बायका इतक्या हसल्या की बारव घुमली. मी हात मागं नेऊन चाचपलं. शिवण खरंच उसवली होती. सकाळपासून मी तहसीलदारांना भेटलो होतो, मुन्सफांना भेटलो होतो, शाळेत हार घालून घेतला होता. एवढ्या माणसांत ती कुणाला दिसली नव्हती.